जुन्या गाडीचं नवं तोंड

सोमवार, ३ मार्च

माणसाला लाज कशी वाटत नाही! बायको दोन महिने दवाखान्यात अंथरुणाला खिळलेली, शनिवारी घरी यायची – आणि नवरा आमच्या गॅरेजात येऊन म्हणतो, "तिला आणायच्या आत गाडीचं तोंड बदलून द्या."

गाडी जुनी, पण ठणठणीत. ह्याला पुढचं सगळं नव्या मॉडेलचं हवं – बॉनेट, बंपर, जाळी, दिवे. म्हटलं, "त्यापेक्षा गाडीच बदला की." म्हणे, परवडत नाही. गाडी परवडत नाही, हौस परवडते!

मी आणखी बोललो असतो. धाकट्या भावानं डोळ्यानंच गप्प केलं आणि काम घेतलं.

मंगळवार, ४ मार्च

नवं सामान आलं. दिसायला सख्खं, बसायला सावत्र. बॉनेट कसंबसं बसलं, तर दिव्यांची भोकं जुळेनात. तारांचे प्लगही वेगळे. पत्र्याच्या पट्ट्या कापून आधार केले. पाठ मोडली.

दुपारी तो आला. बायकोची चौकशी केली तर "आहे बरी" एवढंच. मग मला बाजूला घेऊन – "मिस्त्री, उतरवलेलं काही ठेवू नका. फोडून टाका."

"अहो, दिवे नव्यासारखे आहेत. कुणाच्या तरी उपयोगी पडतील."

"कुणाच्याच नको. फोडाच."

घ्या! आपल्याला नको, तर दुसऱ्यालाही मिळू नये!

गावच्या शाळेत गुरुजी फुटक्या पाटीचा तुकडासुद्धा टाकू देत नसत. "अजून चार अक्षरं मावतात," म्हणायचे. मी नाही फोडणार. चांगली वस्तू हातानं मोडायची आणि त्याच हातांनी देवाला नमस्कार करायचा? जमणार नाही.

बुधवार, ५ मार्च

हिला सगळं सांगितलं. म्हणाली, "तुम्ही गाडी उघडा. गिऱ्हाईकाचं मन कशाला उघडायला जाता?"

हीसुद्धा त्याच्याच बाजूची.

गुरुवार, ६ मार्च

दिवे जोडले. दोन्ही लख्ख पेटले, तरी स्टिअरिंगमागच्या काट्यांपाशी खूण येतेच – दिवा गेला! नवे दिवे वीज कमी खातात, म्हणून जुन्या गाडीला ते पेटलेत हेच पटत नाही. तारेत जास्तीची वीज खाणारा एक तुकडा जोडला तेव्हा तिची समजूत पटली. भिंतीसमोर गाडी लावून उजेडाची उंची जुळवली.

संध्याकाळी तो हजर. गाडीसमोर उभा राहिला. मग उकिडवा बसला. मग रस्त्यापर्यंत जाऊन लांबून बघून आला. नवरी बघायला आल्यासारखा!

"जुनी ओळखू येते का हो?"

"तुमचा शेजारीसुद्धा फसेल," म्हटलं. केवढा सुस्कारा सोडला त्यानं! एवढा जीव बायकोला लावला असता तर?

शुक्रवार, ७ मार्च

सकाळी देवापुढे बसलो, मन लागेना. आधी त्याचा राग आला, मग राग आला म्हणून स्वतःचा.

काम संपलं. उतरवलेलं सगळं धुऊन पुसलं आणि दारासमोरच्या भिंतीवर टांगलं – मधे जाळी, दोन बाजूंना दिवे, खाली बंपर. अगदी होतं तसं. धाकटा हसून लोळायचा बाकी राहिला. "दादा, हे तुझ्यासारखंच दिसतंय, फुगलेलं!"

हसू दे. उद्या तो येईल तेव्हा पहिल्यांदा हेच बघेल. मग मी म्हणणार, "साहेब, ह्यात काय वाईट होतं ते सांगा, आणि मग फोडायला सांगा." वाक्य पाठ केलंय.

शनिवार, ८ मार्च

तो आला. दारातच थांबला. भिंतीकडे बघत राहिला. माझं वाक्य बोलून झालं.

"घराच्या फाटकात," तो म्हणाला. "ती फाटक उघडत होती. माझा पाय ब्रेकवर पडलाच नाही. त्या क्षणाचं तिला दुसरं काही, गाडीचा रंगसुद्धा आठवत नाही, मिस्त्री. झोपेतून ओरडत उठते – म्हणते, दोन दिवे आणि मधली जाळी. तिला आज ह्याच गाडीतून न्यायचंय."

आधी भिंतीवरचं खाली घेतलं. मग किल्ली दिली.

दिवे मीच फोडले.