टाकीजवळची उल्का

४ मे, रविवार. सकाळी ६.
आजपासून रोजनिशी. मिनलने पुण्याहून फोनवर सांगितलं, बाबा, कशात तरी मन गुंतवा. माझं मन ठिकाणावर आहे. बायको, पुष्पलता, जानेवारीत गेली. चार महिने झाले. मी सावरलो आहे.
संकल्प: पाचला उठणे. एकच चहा. दुपारची झोप बंद.
(दुपारी झोपलो. कूलरमुळे.)

५ मे.
टाकी पाहायला गच्चीवर गेलो. टाकीमागे एक दगड सापडला. काळा, लिंबाएवढा, अंगभर भोकं. गच्चीवर दगड येणार कुठून? वरूनच.
दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. संध्याकाळी पुष्पलता वाळलेले कपडे आणायला वर गेली होती. जिन्यातून ओरडली, "अहो, तारा तुटला! आपल्याच गच्चीवर काहीतरी पडलं. या न लवकर!" मी बातम्या पाहत होतो. येतो म्हणालो. गेलो नाही. उलट पाहुण्यांना सांगत राहिलो, आमच्या घरी वेधशाळा आहे. पाहुणे हसायचे. ती स्वयंपाकघरात निघून जायची.
म्हणजे ती खरं बोलत होती. आता सिद्ध करणार. जिल्हा परिषदेत तीस वर्षं आवक-जावक सांभाळली आहे. कोणती वस्तू कुठून आली हे शोधणं मला जमतं.

७ मे.
फाइल उघडली. विषय: उल्का. नमुना क्र. १.
मोबाइलवर वाचलं. मंगळ आणि गुरूच्या मध्ये लघुग्रहांचा पट्टा आहे. तिथे दगडावर दगड आदळतात. तुकडे करोडो वर्षं फिरत राहतात. एखादा पृथ्वीच्या वाटेत येतो, हवेत जळतो, उरला तर खाली पडतो.
एवढ्या लांबून तो आमच्या गच्चीपर्यंत आला. मला दोन जिने चढवले नाहीत.
आज गच्चीवर सात चकरा. सगळ्या कामाच्या.

१० मे.
चाचण्या. चुंबक: बहुतेक उल्कांना चिकटतं. फ्रिजवरचा गणपती लावून पाहिला. चिकटला नाही. शोभेच्या चुंबकात जोर तो किती असणार.
वजन: उल्का हाताला जड लागते. हा हलका आहे. म्हणजे दुर्मिळ प्रकार.
इतर: चादर पायाशी फाटली. या वर्षातली तिसरी. पुष्पलता म्हणायची, तुमच्या टाचा आहेत का कानस? पण आमच्या घरी तीन पिढ्या हातमाग होता. कापड मला कळतं. हल्ली सूतच कच्चं येतं.

१४ मे.
जरीपटका भागातल्या बाजारातून डबी आणली. आत लाल मखमल. दुकानदाराने विचारलं, अंगूठी के लिए? मी म्हणालो, दगडासाठी. त्याने विचारलं, पुखराज? मी जास्त बोललो नाही.
उल्केला ती पडली त्या गावाचं नाव देतात म्हणे. मी पुष्पलताचं नाव द्यावं असा अर्ज करणार. नियमाला अपवाद असतो. तीस वर्षं तेच पाहिलं.
मिनलला फोनवर सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. नेटवर्क खराब.

१८ मे, रविवार.
रामदासपेठेत सुमंत सरांकडे गेलो. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे, आता रिटायर. अर्ध्या मिनिटात दगड परत दिला. म्हणाले, उल्केला अशी भोकं नसतात. वरची जळकी साल नाही. आणि हा तर एका बाजूने घासून गुळगुळीत झाला आहे. मी विचारलं, हवेच्या घर्षणाने? ते म्हणाले, "तुम्ही चहा घ्या."
सज्जन माणूस. पण वय झालं. घासलेली बाजू हा पुरावाच आहे. फाइलला नोंद जोडली.
चहा आज चार. बाहेरचा धरला नाही.

२१ मे.
४५ डिग्री. एका जागी बसवत नाही. डबी चार वेळा उघडली. तारा तुटला त्या दिवशी ती खाली आल्यावर आणखी काही म्हणाली होती का? आठवत नाही. बातम्यांत काय होतं तेही आठवत नाही.
डोळे ओले होतात. कूलरचं पाणी उडतं.

२४ मे.
मोठी बहीण, जयवंताताई, उमरेडहून आली. दारातच म्हणाली, "काहून गा रुपराव, किती वाळला तू! खाऊन काय राहिला, हवा?" दोरीवरची फाटकी चादर पाहून तोंडाला पदर लावला. कारण सांगितलं नाही.
उद्या सकाळी दोघींपुढे जाहीर करणार. मिनल व्हिडिओ कॉलवर. भाषणाचे चार मुद्दे काढले आहेत. चौथ्या मुद्द्यात माफी आहे. तो वाचताना आवाज नीट राहावा म्हणून दोनदा सराव केला. राहिला नाही. उद्या राहील.

२५ मे, रविवार. सकाळी ९.
मिनलला कॉल लावला. डबी उघडली. रिकामी.
फोन हातात तसाच घेऊन गच्चीवर पळालो. ताई टाकीजवळ पाटावर बसली होती, लुगडं पोटरीपर्यंत वर, आणि नमुना क्र. १ ने टाचा घासत होती.
मी ओरडलो. ती म्हणाली, "बोंबलून काहून राहिला गा? मीच तं देला होता पुष्पाले, उमरेडच्या बाजारातून. माह्याकडं याची जोडी आहे. गोधड्या धुतल्या का इथंच बसून टाचा घासे ते. तू त्याले डबीत काहून ठेवला, सोनं आहे काय?"
मी तुटलेल्या ताऱ्याबद्दल सांगितलं. ताईचा हात थांबला. म्हणाली, "तारा तुटला असंन. पुष्पा खोटं नाही बोले. पण हा दगड माहा आहे."
फोनमध्ये मिनल आधी हसली. मग रडायला लागली. नेटवर्क चांगलं होतं.
चौथा मुद्दा राहिला.
ताईने मला पाय पुढे करायला लावले. पाहिले. म्हणाली, "अगा बापा! चादरी नाही फाटन तं काय होईन?" आणि दगड माझ्या हातात दिला.

२६ मे, सोमवार.
फाइल बंद. शेरा: उल्का सिद्ध झाली नाही.
संध्याकाळी गच्चीवर गेलो. दोन जिने, बत्तीस पायऱ्या. एक मिनिट लागतं. अंधार पडेपर्यंत टाचा घासल्या. वरून काही पडलं नाही.
नवी चादर अंथरली. पाय इकडून तिकडे फिरवून पाहिले. कुठे अडकले नाहीत.
चादरीचं पुष्पलता खरं सांगत होती. पाहुणे आले की त्यांना हे सांगायचं.