धक्क्यावर संपवलेला प्रसाद

वेस्ट विंडसर, न्यू जर्सी
३ जून २०२५

ती. ताईस,
चारूचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानातलं यंत्र तू ड्रॉवरमध्ये ठेवतेस, त्यामुळे पुन्हा कागद-पेन. तुझा राजस म्हणाला की पत्र आलं की तू ते दोन दिवस पुरवून वाचतेस. तेव्हा हे सावकाश वाच, आणि वाचून झाल्यावर टेबलावर टाकू नकोस. कारण खाली कळेल.

माझ्या पंचाहत्तरीसाठी ओजसने फ्लोरिडात, पॅनामा सिटी बीचला आठवडाभर घर घेतलंय. दहा जुलैला चार तासांची खासगी बोट आहे. कॅप्टन आणि आम्ही पाच जण, म्हणजे आम्ही दोघं, मुलगा-सून आणि नात अनया, बाकी कुणी नाही. आधी डॉल्फिन बघायचे आणि मग एका बेटाजवळ उथळ पाण्यात उतरायचं. डोळ्यांवर काच, तोंडात श्वासाची नळी, पालथं तरंगायचं आणि खालचे मासे बघायचे. अनया मला रोज यूट्यूबवर दाखवते.

ताई, मी पाण्यात उतरणार आहे. कार्डिऑलॉजिस्टला विचारलंय. लाइफ जॅकेट घाला, शांत पाण्यात तरंगा, खुशाल जा, असं म्हणाला. सुहासला यातलं काही माहीत नाही.

तुला वाटेल, हा म्हातारचळ. तसं नाही. बायपास झाल्याला चौदा महिने झाले आणि या चौदा महिन्यांत सुहास माझ्याशी एकदाही भांडलेली नाही. तुला तर आमचा संसार ठाऊक आहे. शेहेचाळीस वर्षं चहात साखर किती यावरून वाद घातलाय आम्ही. आता मी दुधाचा कॅन उचलला की ती पळत येते, हळू हं म्हणते, आणि माझ्या हातून काढून घेते. मी गाडीची किल्ली विसरलो, गॅस चालू ठेवला, तरी असू दे म्हणते. इतकं गोड बोलते की भीती वाटते. मी या घरात माणूस राहिलेलो नाही, शोकेसमधली काचेची बरणी झालोय. एकदा पाण्यातून धडधाकट बाहेर आलो की तिला पटेल, असा माझा हिशेब आहे.

वाईला कृष्णेत मला पहिल्यांदा तूच ढकललं होतंस. तेव्हा या गुन्ह्यातही तुझा वाटा आहे. सुहासला कळू देऊ नकोस.

लोभ आहेच, तो पत्रातून वाढवावा, फोनवरून नको.
तुझा,
चारू


वेस्ट विंडसर
५ जून २०२५

ती. वन्संना,
सुहासिनीचा सा. न. वि. वि.

तुमचे गुडघे कसे आहेत? मेथीचे लाडू पाठवलेत, रोज एक खायचा. राजसला देऊ नका, तो डबा संपवतो.

बोटीचं तुम्हाला कळलंच असेल. ह्यांनी पत्र टाकलेलं मी पाहिलं. मला न दाखवता टाकलं, म्हणजे त्यात काहीतरी आहे. आणि काय आहे तेही मला माहीत आहे. कपाटात मागच्या बाजूला नवी पोहायची चड्डी मिळाली, लेबलासकट. मी काही बोलले नाही. होती तशी ठेवून दिली.

वन्सं, तुम्हालाच सांगते. मी बोटीच्या कॅप्टनला ईमेल केली आहे. आमच्याबरोबरच्या वयस्कर गृहस्थांचं हृदयाचं ऑपरेशन झालंय, त्यांना पाण्यात उतरू देऊ नये, ते ऐकणार नाहीत पण तुम्ही ऐका, असं लिहिलं. तिचं उत्तर आलं, की तुम्ही सांगाल तसं. कॅप्टन बाईच आहे, त्यामुळे मला जरा धीर आला.

चौतीस वर्षं मी भूल दिली. आत दाराआड काय काय होऊ शकतं ते मला ठाऊक, म्हणून ह्यांच्या ऑपरेशनच्या दिवशी बाहेर बसणं मला फार जड गेलं. बाकीच्यांना निदान अज्ञान तरी असतं. त्याच खुर्चीवर बसून मी सत्यनारायण बोलले. डॉक्टर असून, असं तुम्ही म्हणाल, म्हणा. तेव्हापासून ह्यांच्यावर ओरडायला तोंड उघडलं की शब्द घशापर्यंत येतात आणि परत जातात. वाटतं, आपण ओरडायचो आणि हेच शेवटचं बोलणं व्हायचं.

पूजा अजून राहिली आहे. दहा जुलैला पौर्णिमा आहे, तर सकाळी तिथेच उरकून मग बोटीवर जाऊ. एडिसनचे गुरुजी झूमवर सांगतील. बोटवाल्यांच्या सूचना आल्यात, त्यात केळी आणू नका असंही आहे. ओजसने मला दोनदा बजावलं. मी कशाला बोटीवर केळ्यांचा घड नेतेय?

ह्यांना यातलं काही कळवू नये. तुमच्या आशीर्वादाचा हात आहे तसाच राहू दे.
तुमची,
सुहासिनी


अर्विंग, टेक्सस
१४ जून २०२५

चि. चारू व चि. सौ. सुहास यांस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दोघांना मिळून एकच पत्र लिहिते, कारण बोटं दुखतात आणि सांगायचं एकच आहे. तुमची पत्रं दोन दिवसांच्या अंतराने आली. एका छपराखाली राहता आणि एकमेकांची गोष्ट टेक्ससला कळवता. मी काय पोस्ट ऑफिस आहे?

कुणी काय लिहिलं ते मी सांगणार नाही. चहाडी करायची सवय मला कधी नव्हती आणि एक्याऐंशीव्या वर्षी नव्याने लावून घ्यायची नाही. पण बोटीवर चढायच्या आधी समोरासमोर बसून बोला. पाण्यात भांडायला जागा नसते.

चारू, तू लहानपणी ज्याला घाबरायचास ते आधी मोठ्याने बोलून टाकायचास. आता कशाला घाबरतोस, ते मला लिहिलेलं दिसत नाही. सुहास, तुला भांडायची परवानगी माझ्याकडून. माझ्या भावाला शेहेचाळीस वर्षं तूच माणसात ठेवलंस, ते काही गोड बोलून नव्हे.

लाडू चांगले होते. होते म्हणजे राजसला सापडले. अनयाला सांगा, आत्याआजीला डॉल्फिनचा फोटो कागदावर छापून हवा, फोनमध्ये नको.

सगळ्यांना सांभाळून राहा आणि मला विसरू नका, म्हणजे मी जगेन.
तुमची,
मीनाक्षीताई


पॅनामा सिटी बीच, फ्लोरिडा
११ जुलै २०२५

ती. वन्संना,
सुहासिनीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आम्ही दोघांनी वाचलं, दोघंही हो हो म्हणालो आणि दोघंही बोललो नाही. त्याचं फळ काल मिळालं, ते ऐका.

सकाळी आठला पूजेला बसलो. गुरुजी लॅपटॉपवर, लॅपटॉप नारळाच्या शेजारी. सव्वा किलो रव्याचा शिरा केला. कादंबरी म्हणाली की आई, आपण पाच माणसं, सव्वा वाटीही चालतं. पण नवस बोलताना मी मनात किलो धरलं होतं, मग वाटी कशी करणार? साडेदहाला धक्क्यावर पोचायचं होतं, कथा लांबली, प्रसाद घ्यायला कुणाला वेळच मिळाला नाही. म्हटलं बोटीवर निवांत घेऊ. पातेलं टॉवेलात गुंडाळलं आणि निघालो.

कॅप्टन साठीची, उन्हाने रापलेली, कमरेला सुरी लावलेली. तिने हसून सगळ्यांना हात दिला आणि टॉवेलातून वास येतोय तो कशाचा, म्हणून विचारलं. अनयाने कौतुकाने सगळं सांगितलं. रवा, तूप, साखर, दूध, बनाना. वन्सं, बाईचा चेहराच उतरला. तिच्या आजोबांपासूनचा नियम, बोटीवर केळं चढलं की बोट घरी येत नाही. ओजस माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला सांगितलं की मी केळी आणलेली नाहीत, हा प्रसाद आहे. आणि मला खरंच तसंच वाटत होतं. आयुष्यभर मी तो शिरा करतेय, पण त्यात केळं आहे असं कधी मनात आलं नाही.

पातेलं इथेच ठेवा, परत आल्यावर घ्या, असं ती म्हणाली. आता मला सांगा, नुकतीच कथा ऐकलेली. प्रसाद टाकून धावलेल्या मुलीपायी नवऱ्याची नाव बुडाली, तीच कथा. आणि मी प्रसाद धक्क्यावर सोडून ह्यांना नावेत घालू? मी सरळ सांगितलं की प्रसाद घेतल्याशिवाय माझ्या घरचं कुणी चढणार नाही. ती म्हणे प्रसाद चढणार नाही. ओजस घड्याळ बघतोय, कादंबरी हसू दाबतेय.

शेवटी हे पुढे झाले. कॅप्टनला आमची कथा इंग्रजीत सांगितली, छान सांगितली. ती ऐकत गेली, आणि तिने टोपी काढली. म्हणाली, तुमच्याकडेही बोटी बुडतात तर. मग तिनेच मार्ग काढला. म्हणाली, गेलेला वेळ माझ्या हिशेबात धरते, इथेच बसून संपवा, पोटातलं केळं मी मोजत नाही.

संपवायचा म्हणजे सव्वा किलोचा. आम्ही पाच जणांनी चापून खाल्ला, तरी पातेलं अर्धं. मग मी आणि अनया धक्क्यावर वाटत फिरलो. प्रसादाला नाही म्हणणारे लोक मी जन्मात प्रथमच पाहिले, मासेमारीच्या बोटीवरचे सगळे हात मागे घेऊन उभे. पण बर्फ विकणारी बाई, एक पाद्री आणि ओहायोची शाळकरी मुलांची टोळी आली आणि पातेलं चाटूनपुसून साफ झालं. ते अनयाने नळाखाली तीन वेळा धुतलं, तेव्हा कॅप्टनने दोरी सोडली.

डॉल्फिन दिसले, पाच-सहा, एक पिल्लू आईला चिकटून. श्वास सोडताना मोठ्याने फुस्स करतात, अगदी आपल्यासारखा दम लागल्यागत. त्यांच्याकडे काही टाकायला कायद्याने बंदी आहे, हे अनयाने मला चार वेळा सांगितलं.

मग बेटाजवळ बोट थांबली. ह्यांनी शर्ट काढला. आत ती नवी चड्डी होती. छातीवरचा तो व्रण उन्हात लख्ख दिसला. ह्यांनी काच मागितली, आणि कॅप्टनने ह्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

मी मान हलवली, वन्सं, होकाराची. का हलवली, ते सांगता येत नाही. इतक्या महिन्यांनी हे काहीतरी मागत होते, एवढंच दिसलं. पुढचं ह्यांनाच लिहू दे, मला लिहवत नाही.

तुम्ही आहात म्हणून हे सगळं सांगायला कुणी आहे. अशाच राहा.
तुमची,
सुहासिनी


वेस्ट विंडसर
१५ जुलै २०२५

ती. ताईस,
चारूचा शि. सा. न. वि. वि.

सुहासने कुठपर्यंत लिहिलंय ते तिने सांगितलं. चड्डी तिला जूनपासून माहीत होती आणि कॅप्टनला तिने ईमेल केली होती, तेही परतीच्या विमानात सांगितलं. तू दोन्हीकडून ऐकून गप्प बसलीस. शाबास तुझी.

तर मी शिडीवर उतरलो. तीन पायऱ्या पाण्यात, छातीपर्यंत पाणी, कोमट, स्वच्छ, खाली आपले पाय दिसतात. ओजस आणि अनया आधीच लांब गेलेले. आता फक्त शिडी सोडायची. आणि ताई, माझी बोटं सुटेनात.

तू विचारलं होतंस ना, कशाला घाबरतोस ते लिहिलेलं दिसत नाही. ते लिहितो. ऑपरेशननंतर मला शुद्ध आली तेव्हापासून मी घाबरलेलो आहे. जिना चढताना, गाडी चालवताना, पोरीला उचलताना. दुधाचा कॅन सुहास काढून घ्यायची आणि मला आतून बरंच वाटायचं. इतके महिने मी तिचं नाव पुढे करून लपलो होतो. तुला पत्रातसुद्धा मी तिचीच तक्रार केली. त्या शिडीवर नाव पुढे करायला कुणी राहिलं नाही. ती तर हो म्हणाली होती.

मी किती वेळ तसा उभा होतो कोण जाणे. मग शिडी हलली. मान वळवली तर सुहास, पंजाबी ड्रेसवर लाइफ जॅकेट, ओढणी कमरेला खोचलेली, एकेक पायरी उतरतेय. तिला पोहायला येत नाही, हे तुला माहीत आहे. तिने एका हाताने शिडी धरली आणि दुसऱ्या हाताने माझं मनगट, नाडीवर. घाबरलात का, असं विचारलं. मी हो म्हणालो. तीही म्हणाली, मीही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे दोघांनी एका वेळी कधी कबूल केलं नव्हतं.

मग ती तिच्या हॉस्पिटलच्या आवाजात म्हणाली की दहापासून उलटे आकडे मोजा. हजारो लोकांना तिने तसं मोजायला लावलंय, सातच्या खाली कुणी जात नाही म्हणते. मी दहा म्हटलं, नऊ म्हटलं. सहाला माझं तोंड पाण्यात होतं.

खाली वाळूवर लाटांच्या रेघा होत्या. पिवळ्या पट्ट्यांचे बोटभर मासे माझ्या पायांपाशी येऊन थांबत आणि पळत. एक शंख आपल्या पायांनी चालत निघाला होता. माझा स्वतःचा श्वास नळीतून मोठ्याने ऐकू येत होता, आत, बाहेर, आत, बाहेर, अगदी सुरळीत. मी तो ऐकत राहिलो. काचेत पाणी भरलं ते बाहेरचं नव्हतं. वीस मिनिटं तरंगलो, आणि पूर्ण वेळ मनगटावरची ती चार बोटं सुटली नाहीत.

परवा रात्री घरी आलो. काल सकाळी मी ती अजून दमट, वाळूने भरलेली चड्डी बॅगेतून काढली आणि तिच्या नव्या पलंगपोसावर ठेवून चहा करायला गेलो. ताई, सुहास जी कडाडली! सुरुवात चड्डीपासून झाली, मग टॉवेल, मग मी गॅस उघडा ठेवतो ते, मग कार्डिऑलॉजिस्टला परस्पर विचारलं ते, मग आपल्या आईने मुलांना लावलेलं वळण. त्यात तुझंही नाव आलं. शेवटी दुधाचा कॅन संपलाय, मी काय हमाल आहे का, जाऊन घेऊन या, म्हणाली.

चहा उतू गेला तरी मी तिथेच उभा होतो. ती दम घ्यायला थांबली तेव्हा मी तिला म्हणालो, की थांबू नकोस, अजून बोल. तेव्हा ती पलंगावर बसली आणि रडली, आणि रडता रडता पुन्हा ओरडली.

मग मी गाडी काढली आणि दोन कॅन घेऊन आलो. दोन्ही हातांत एकेक. ती दारात उभी होती, पण पळत आली नाही.

अनयाचा फोटो सोबत आहे, कागदावर. तब्येतीला जप, यंत्र कानात घाल, आणि हाक मारशील तिथे मी येईन, आता गाडी चालवत येईन.
तुझा,
ओरडा खाऊन तृप्त,
चारू