मोडीत निघालेली जीप

बाबा, आमच्याकडे सध्या एक जुनी जीप घ्यायची की नाही यावरून घरात चांगलीच धुसफूस चालू आहे, आणि शेवटचा शब्द माझा, असं ठरलं आहे. तुमच्या जावयाचं डोंबिवलीत मंडप-डेकोरेशनचं काम आहे. तुम्ही गेलात त्यानंतर आमचं लग्न झालं, म्हणून तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. माणूस चांगला आहे, पण एकदा डोक्यात काही शिरलं की निघत नाही. तुमचं आणि त्यांचं छान जमलं असतं. कनाती, खुर्च्या, पातेली न्यायला दर वेळी भाड्याचा टेम्पो शोधावा लागतो आणि ऐन लग्नसराईत तो मिळत नाही, म्हणून त्यांनी कल्याणच्या एका गॅरेजात उभी असलेली जुनी डिझेल जीप हेरली आहे. भरपूर पळालेली आहे. किती, ते विचारायची सोय नाही, कारण मीटर बंद आहे. "तू ड्रायव्हरची मुलगी, तू चालवून बघ आणि सांग," असं म्हणून त्यांनी ते लोढणं माझ्या गळ्यात अडकवलं. परवा मी ती चालवून आले. खाली उतरले ती तिथेच चाकाला टेकून बसले, आणि त्यात त्या जीपचा काही दोष नव्हता.

तुम्ही रिटायर झालात तो उन्हाळा मला नको तितका आठवतो. ठाण्याच्या क्वार्टरमधलं आपलं ते एवढंसं स्वयंपाकघर, ओट्याखाली रॉकेलचा कॅन, खिडकीत आईने वाळत घातलेल्या चिंचा. तुम्ही पाटावर बसला आहात, डावा गुडघा नेहमीसारखा बाहेर कलता ठेवून, आणि जाता-येता तो आईच्या पायांत येतो आहे. तुमच्या ऑफिसने तुमची जीप तुमच्याच बरोबर मोडीत काढली होती. लिलावात ती विठ्ठलवाडीच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने उचलली, आणि रंग लावून विकायला उभी केली. नवी कोरी आली त्या दिवसापासून ती तुमच्याच हातात होती. साहेब बदलले, जीप आणि तुम्ही तेच राहिलात. मीटर एकदा पूर्ण फिरून परत शून्यापासून मोजायला लागला होता, आणि ते तुम्ही आल्यागेल्याला पोराच्या मार्कांसारखं कौतुकाने सांगायचात.

"ती घेऊ या म्हणतो," तुम्ही म्हणालात.

आईने तव्यावरची भाकरी उलटली. "काय घेऊ या?"

"जीप. कल्याणहून खडवली, टिटवाळ्याकडे भाडी मिळतात. लग्नाची माणसं, भाजीची पोती. मी सकाळी चालवीन, दुपारनंतर एक ड्रायव्हर ठेवू."

"रिटायर माणूस आणि रिटायर गाडी," आई म्हणाली, "आणि दोघांना ढकलायला मी."

मी हसले आणि तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की हसू तिथेच विरलं. गंमत नव्हतीच ती. क्वार्टर सोडायची मुदत जवळ येत होती. तुमच्या हातात जे पैसे आले होते त्यांत डोंबिवलीची एक खोली येत होती, किंवा ती जीप आणि तिची दुरुस्ती. दोन्ही येत नव्हतं. जीप घेतली असती तर आपण काकांच्या माडीवर राहणार होतो, आणि काकू कसली माडी देते आणि कसले टोमणे मारते ते आईला ठाऊक होतं. म्हणून आई पुढचे कितीतरी दिवस भांड्यांशी बोलत राहिली. तुम्ही दोघं एकमेकांशी माझ्यामार्फत बोलायला लागलात. "बाबांना सांग, पाणी तापलंय." "आईला सांग, मला नको." हातभर अंतरावर बसून हे चालायचं. मला त्या दिवसांत घरी यायची भीती वाटायची.

मग एका सकाळी तुम्ही मला म्हणालात, "चल, लायसन घे बरोबर." ते लायसन तुम्हीच मला मिळवून दिलेलं. आजूबाजूच्या मुलींना वडील शिवणयंत्र घेऊन देत होते तेव्हा तुम्ही मित्राच्या खटारा गाडीवर मला मैदानात क्लच शिकवत होतात. "मुलगी म्हणून काय झालं, पाय दोनच लागतात," म्हणायचात. मला आयुष्यात कोणी इतकं मोठं काही दिलेलं नाही, आणि ते तुम्हाला तोंडावर सांगायचं राहूनच गेलं.

विठ्ठलवाडीला तो व्यापारी आपली वाटच बघत होता. त्याला गिऱ्हाईक बरोबर कळलं होतं. "साहेब, आपलीच गाडी आहे, घेऊन जा, फिरवून आणा. पेट्रोल-डिझेलची पण फिकीर नाही. फक्त सोमवारपर्यंत सांगा, मुरबाडची एक पार्टी मागे लागली आहे." ती पार्टी खरी होती की नव्हती देव जाणे, पण तुमचा चेहरा उतरला. तुम्ही जीपच्या बॉनेटवर हात ठेवलात. वरून निळा रंग मारला होता, तरी दाराच्या कडेला जुना रंग दिसत होता. तुम्ही नखाने तिथे खरवडलंत आणि मला दाखवलंत, जणू ती तुम्हाला ओळख देत होती.

टिटवाळ्यापर्यंत तुम्ही चालवलीत. गाडी अशी चालली की मला मनातून आईचाच राग यायला लागला. खड्ड्यात दणका नाही, चढावर कुरकुर नाही. तुम्ही गुणगुणत होतात. मग रस्त्याच्या कडेला थांबवून तुम्ही उतरलात, फेरी मारून माझ्या बाजूला आलात. "सरक. दुपारचा ड्रायव्हर कसा असेल कोणाला माहीत. तुला चालवता आली तर कोणालाही येईल."

परीक्षा तुम्हीच ठेवली होती, बाबा. हे मी पुन्हा पुन्हा स्वतःला सांगत आले आहे.

सुरुवातीला सगळं नीट होतं. खडवलीच्या अलीकडे रस्ता उताराला लागतो. खाली रेल्वेचं फाटक बंद आहे, फाटकापाशी एक टेम्पो, दोन सायकलवाले आणि डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायका. मी तिसऱ्या गिअरवर आहे, पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढला आहे. आणि खट् करून गिअर सुटतो. दांडा आपोआप मधे येतो, इंजिनाचा आवाज एकदम हलका होतो आणि जीप मोकळी सुटते. मी दांडा परत आत ढकलते, तो करकरतो आणि जात नाही. ब्रेकवर पाय दाबते तर पाय थेट खाली फळीपर्यंत जातो, काहीच लागत नाही. त्या बायका वळून बघतात. एकीने पाटीवरचा हात सोडलेला मला अजून दिसतो. मी पाय उचलून पुन्हा दाबते, तेव्हा कुठे ब्रेक धरतो, आणि गाडी आडवी होत टेम्पोच्या मागे थांबते. मधे हात घालायला जागा नव्हती.

त्या सगळ्यात मी एक गोष्ट पाहिली. तुमच्या बाजूला ब्रेक नव्हता, नुसता पत्रा होता. त्या पत्र्यावर तुमचा उजवा पाय आपटला. एकदा, आणि लगेच दुसऱ्यांदा. मी एकदाच दाबून घाबरले होते, तेव्हा तुमच्या पायाने दोनदा दाबून झालं होतं.

तुम्ही म्हणालात, "घाबरलीस. गाडी चालवताना घाबरायचं नसतं, एवढं शिकवलं ते पाण्यात गेलं." त्या सगळ्या लोकांसमोर म्हणालात. फाटकाजवळच्या झोपडीतल्या म्हातारीने मला खाली उतरवलं. "पोरी, बस जरा. पानी पी. गारी काय पलत नाय." तुम्ही चाकाला उगाच लाथ मारून बघत होतात. मी पाणी प्यायले आणि मला रडू आलं, ते भीतीने की तुमच्या बोलण्याने, मला सांगता येणार नाही.

परतताना तुम्ही चालवलीत आणि गाडी पुन्हा लोण्यासारखी चालली. मी मात्र आता रस्त्याकडे पाहत नव्हते. उतार आला की तुमचा डावा गुडघा हळूच कलायचा आणि गिअरच्या दांड्याला टेकून राहायचा. सिग्नल दिसला की ब्रेकवर पाय दोन वेळा पडायचा. चढावर तुम्ही स्टिअरिंग किंचित उजवीकडे ओढून धरत होतात, नाहीतर ती डावीकडे जात असणार. यातलं तुम्हाला काही माहीत नव्हतं. तुम्ही खोटं बोलत नव्हतात, लपवत नव्हतात. ती वर्षानुवर्षं एकेक अवयव सोडत गेली आणि तुम्ही त्याच्या जागी आपला एकेक अवयव लावत गेलात, आणि तुम्हाला वाटत राहिलं, गाडी ठणठणीत आहे. पाटावर बसूनसुद्धा तुमचा गुडघा तसाच का कलतो, ते मला विठ्ठलवाडी येईपर्यंत कळून चुकलं होतं. तेव्हा मला तुमची दया आली. मुलीला बापाची दया येऊ नये, फार वाईट वाटतं.

घरी आलो तेव्हा आईने आपल्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "कशी आहे?" हा प्रश्न तिने बऱ्याच दिवसांनी सरळ तुम्हाला विचारला होता. तुम्ही चप्पल काढता काढता म्हणालात, "हिने चालवली. हिलाच विचार. ही म्हणेल ते."

मी म्हणाले, "गाडी बाबांना चालते. दुसऱ्या कोणाला चालणार नाही."

तुम्ही "बरं" म्हणालात आणि मोरीत हात धुवायला गेलात. बराच वेळ नळ चालू होता. आईला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण ती तुम्ही गेलात त्या दाराकडे बघत राहिली आणि मला हळू आवाजात म्हणाली, "जरा बेताने सांगायचंस गं." मला तिचा इतका संताप आला. बेताने काय सांगायचं असतं? फाटकावरच्या बायका बेताने मेल्या असत्या? पण हे मी बोलले नाही. सोमवारी तुम्ही विठ्ठलवाडीला जाऊन नको म्हणून आलात, आणि त्याच आठवड्यात आपण डोंबिवलीची खोली पाहायला गेलो. तुम्ही एकही खोट काढली नाहीत. भिंतीला ओल होती, तीही तुम्ही पाहिली नाहीत.

त्या खोलीच्या गॅलरीत तुम्ही खुर्ची टाकून बसायचात. खालून गाडी गेली की न बघता सांगायचात, "हिचा सायलेन्सर गेलाय," "याला क्लच कळत नाही." आधी सगळे हसायचे, मग कोणी ऐकेनासं झालं. तुम्ही आजारी नव्हतात, पण वाळत गेलात. शेजारचे म्हणायचे, आता आरामात दिवस चाललेत. आरामाने माणूस खंगतो हे मी तुमच्याकडे बघून शिकले. तुम्ही गेलात तेव्हा आई म्हणाली, "निदान स्वतःच्या छपराखाली गेले." मी मान डोलावली.

आता तुम्हाला माहीत नसलेली गोष्ट. तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी, कल्याणच्या नाक्यावर मला ती जीप दिसली. रंग आता हिरवा होता, पण दाराच्या कडेला तुम्ही खरवडलेलं तसंच होतं. मागे विटा भरलेल्या. मी बसची रांग सोडून तिच्याकडे गेले आणि ड्रायव्हरला विचारलं, "दादा, हिचा तिसरा गिअर निसटत नाही का?" तो तंबाखू मळत होता. वेडी आहे का अशा नजरेने त्याने मला पाहिलं. "निसटतो की. धरून ठेवायचा. आठ दिवसांत सवय होते, ताई."

आठ दिवसांत. मी तिथे उभी होते आणि ती विटा घेऊन निघून गेली. गाडी चालत होती आणि तुम्ही नव्हतात. मी त्या संध्याकाळी जे बोलले त्यातलं अर्धं खरं होतं, एवढंच मला त्या नाक्यावर समजलं. ती धोक्याची होती, हे आजही म्हणेन. पण दुसऱ्या कोणाला चालणार नाही, हे मी कशावरून म्हणाले होते?

कल्याणच्या गॅरेजातल्या या जीपचा गिअर निसटत नाही. ब्रेक एका दाबात लागतो, मी मुद्दाम मालकाला खाली उतरवून, रिकाम्या रस्त्यावर पाहिलं. पण इंजिन थकलेलं आहे, धूर काळा आहे, पुढच्या स्प्रिंगच्या पाट्या बदलाव्या लागतील. परवा घरी येऊन मी नवऱ्याला सरळ नको म्हणून सांगितलं. त्यांचं तोंड पडलं, ते कपडे बदलायला आत गेले, आणि मला वाटलं, झालं, आता नळ सुटणार. पण ते तसेच, अर्धा शर्ट काढलेला, बाहेर आले. म्हणाले, "मला अजून घ्यावीशी वाटते गं. परत एकदा विचार करून सांगशील?"

बाबा, मी त्यांना घ्या म्हणून सांगणार आहे. आधी इंजिन उतरवून दुरुस्त करून घेऊ, पाट्या बदलू, आणि पहिले काही दिवस शेजारी मी बसेन. आईला ही बातमी मी देईनच, आणि ती भांड्यांशी बोलायला लागेल. हा कागद मात्र ती यायच्या आत फाडून चुलीत घालणार आहे, कारण पुढचं तिने वाचलेलं मला चालणार नाही. त्या संध्याकाळी तुम्ही मोरीत होतात तेव्हा मी दाराशी उभी होते. तुम्ही टॉवेलने हात पुसत बाहेर आलात, माझ्यासमोर थांबलात, आणि तसेच बाजूने निघून गेलात. त्या वेळी तुम्ही मला फक्त "खरंच नको का?" एवढं विचारलं असतंत, तर मी घ्या म्हटलं असतं.