चारणाऱ्यानं ठरवायचं नाही

३ नोव्हेंबर

धाकटी आज पुन्हा पडली. पाणी प्यायला वळली आणि मागचे पाय दुमडले. आवाज फारसा झाला नाही — म्हातारी घोडी पडते ती धान्याचं पोतं कलंडावं तशी. फौजदारानं हाक मारली. मी हातातली कुत्र्यांची भांडी तिथेच टाकून धावले. पोटाखालून रुंद पट्टा घातला. एका बाजूनं तो, दुसऱ्या बाजूनं मी आणि स्वयंपाकघरातून धावत आलेली मावशी. तिसऱ्या खेपेला उभी राहिली. उभी राहून आमच्याकडे अशी पाहत होती, जणू आम्हीच तिची झोपमोड केली.

कंबर धरली आहे. माझी. तिची तर केव्हाचीच.

जनावरांचे डॉक्टर संध्याकाळी आले. सांधे संपले आहेत, म्हणाले. थंडी वाढली की पडणं वाढेल, आणि एक दिवस पट्ट्यानंही उठणार नाही. मग पडल्या पडल्या हाल होऊन जाईल. त्याआधी काय ते ठरवा.

ठरवणारी मी नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. तरी माझ्याकडेच बघून बोलले.

४ नोव्हेंबर

सकाळी फाटकाशी खोका. मांजरीची चार पिल्लं, त्यातलं एक मेलेलं. खोक्यावर लिहिलेलं — 'कृपया सांभाळा'. मेलेलं कसं सांभाळायचं तेही लिहायचं होतं!

दुपारी एक बाई आईचं म्हातारं कुत्रं घेऊन आली. आई गेली, भाऊ ठेवायला तयार नाही, हिचं घर दोन खोल्यांचं. जागा नाही म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात ते कुत्रं माझ्या पायावर येऊन बसलं. घेतलं. जाताना बाईनं चाचरत विचारलं, तुम्ही यांना मारून तर टाकत नाही ना. मी खरं ते सांगितलं. कधी कधी झोपवावं लागतं. पण जो चारतो तो ठरवत नाही. इथे आलेल्या प्रत्येक जनावराचा चारणारा वेगळा आणि ठरवणारा वेगळा, आणि ते पहिल्याच दिवशी ठरतं. चारणाऱ्याला घासाघासात आशा दिसते. 'आज दोन घास जास्त खाल्ले' म्हणत म्हणत तो जनावराला कुजत ठेवतो. आमच्या सुरुवातीच्या काळात एक बैल इथे तसाच गेला. त्यानंतर हा नियम.

फार कठोर नियम आहे, बाई म्हणाली. कठोर कसला, सोयीचा आहे. ज्याला रडायचं आहे त्याला रडू द्यावं, निर्णय दुसऱ्यानं घ्यावा.

तिच्या कुत्र्याला मावशी चारेल. ठरवीन मी. बहुतेकांचं मीच ठरवते. माझ्या हाताला ते काम बसतं, असं सगळ्यांचं मत आहे.

६ नोव्हेंबर

धाकटी ह्यांची. नावही ह्यांनीच ठेवलेलं — 'घरात थोरली, तबेल्यात धाकटी.' आल्यागेल्याला सांगायचे आणि स्वतःच हसायचे. मीही इतकी वर्षं तिच्याकडे सवत म्हणूनच पाहिलं. चारायचे हे, ठरवणार मी. मनात म्हणायचे, हिची वेळ आली की माझा हात मुळीच थरथरणार नाही.

मग हेच गेले. धाकटीनं खाणं टाकलं. फौजदाराच्या हातचं नको, मावशीच्या हातचं नको. एका सकाळी मी कोंडा भिजवून नेला आणि चिडून म्हटलं, "तुलाही जायचंय का?" तिनं माझा हात हुंगला, मनगटाला एक चावा घेतला आणि खाल्लं. त्या दिवसापासून मी चारणारी. ठरवण्याचा हक्क गेला. तो मी फौजदाराला दिला.

फौजदार पोलिसात कधीच नव्हता. नुसता दरारा. आमच्याकडचा सगळ्यात जुना माणूस. त्याच्या लंगड्या कुत्र्याचं गेल्या वर्षी मी ठरवलं, तेव्हा किती तरी दिवस माझ्याशी बोलला नव्हता. सगळे निरोप मावशीमार्फत. 'बाईंना सांग, नळ गळतोय' — आणि मी समोर उभी!

आता पारडं फिरलं आहे.

७ नोव्हेंबर

फौजदार रोज दिवस मावळताना तबेल्याच्या दाराशी उभा राहतो, तिला न्याहाळतो आणि मला येऊन सांगतो, "आज नको." मी "बरं" म्हणते. किती बरं वाटतं ते त्याला दिसू देत नाही.

९ नोव्हेंबर

"आज नको."

११ नोव्हेंबर

पडली. उठवता उठवता आमचीच दमछाक झाली. डाव्या अंगाची कातडी सोलवटली. औषध लावताना थरथरत होती, पण चावली नाही. पूर्वी मला हमखास चावायची. चावली असती तर बरं वाटलं असतं.

फौजदाराकडे पाहिलं. तो पट्टा गुंडाळत होता. मान वर न करता म्हणाला, "आज नको, बाई."

पहिल्यांदाच त्याचा राग आला. याला डोळे आहेत की नाहीत? माझी कीव करतोय की काय? दुसऱ्याच्या जिवावर माझी कीव नको मला.

१२ नोव्हेंबर

कळलं!

पहाटे नेहमीपेक्षा लवकर उठले — नवं कुत्रं रडत होतं, त्या बाईच्या आईकडे गादीवर झोपायचं असणार. त्याला घेऊन अंगणात आले तर तबेल्यात फौजदार. शालीखाली पातेलं. पातेल्यात भिजवलेला कोंडा. धाकटीच्या तोंडाशी हात, आणि हा गडी, ज्याला बघून कुत्री शेपट्या घालतात, तो तिला 'घे गं माय, एवढा एकच' म्हणत होता.

मी दारात उभी राहिले. त्यानं पाहिलं. पातेलं लपवायचा प्रयत्नही केला नाही.

किती दिवस, विचारलं. मालक गेल्यापासून, म्हणाला. आधी माझ्या हातचं घेईना. तुमच्या हातचं घ्यायला लागली, मग माझ्याही हातचं घ्यायला लागली. म्हणजे मी त्याला ठरवायला सांगितलं तेव्हाही तो चारतच होता. मग तेव्हाच 'नाही' का म्हणाला नाहीस? यावर त्यानं तिला पुढचा घास दिला.

मी ओरडले. नियम म्हणजे काय गंमत आहे का, वगैरे. आवाज ऐकून मावशी बाहेर आली, सगळं ऐकून घेतलं, आणि पदराशी चाळा करत म्हणाली, "बाई, दुपारी गाजरं मीच घालते तिला."

घ्या! घोडी तीन ठिकाणी जेवत होती आणि मी समजत होते माझ्याच हाताला चव आहे.

हसू आलं. मग दिवसभर काही सुचलं नाही. चारणारे तिघे. ठरवणारं कोणीच नाही. डॉक्टर ठरवत नाहीत, तो त्यांचा नियम — आणि तेही खिशात गाजर घेऊन येतात, मी पाहिलं आहे.

१४ नोव्हेंबर

लेकीला फोन केला.

ती इथे रमली नाही कधी. लहानपणी शाळेत मुलं तिच्या दप्तराला बकरीचा वास येतो म्हणायची. शिकायला गेली ती तिकडचीच झाली. ह्यांच्या शेवटच्या दुखण्यात आली, चार दिवस राहिली, हे गेल्यावर परत गेली. इथल्या एकाही जनावराला तिनं आयुष्यात घास दिलेला नाही. आम्ही कधी सांगितलं नाही, तिनं कधी विचारलं नाही.

सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "आई, मला घोडी म्हातारी कशावरून ओळखायची तेही कळत नाही."

"म्हणूनच तू हवीस."

  मग म्हणाली, "दुसऱ्यांच्या मुली आईला तब्येत विचारायला जातात. मी घोडी मारायला येऊ?"

मी म्हटलं, ये तर खरी. तब्येतही विचार.

१५ नोव्हेंबर

पडली. मावशीच्या बोटाला पट्ट्याचा काच बसला. 

१७ नोव्हेंबर

लेक आली. पांढरे बूट घालून! फाटकातून घरापर्यंत येईतो त्यांचा रंग गेला. माझ्याकडे पाहून म्हणाली, वाळलीस. मी म्हटलं, तू भरलीस. झालं, चौकशी संपली. चहा घेतला. नव्या कुत्र्यानं तिच्या पायावर मुक्काम ठोकला, ते सगळ्यांच्याच पायावर ठोकतं.

चहा झाल्यावर तिला तबेल्याकडे पाठवलं. सोबत गेले नाही. ठरवणाऱ्याबरोबर चारणाऱ्यानं जायचं नाही, हेही नियमात आहे. फौजदाराला आणि मावशीलाही इकडेच थांबवलं. मी कुत्र्यांची नखं कापत बसले. तीन कुत्री झाली. चौथ्याचं नख खोलवर कापलं गेलं, रक्त आलं. आजवर असं कधी झालं नव्हतं.

ती येईना. शेवटी मीच गेले.

गवतात बसली होती. पांढरे बूट, चांगले कपडे, सगळ्यासकट. शेजारी माझी कोंड्याची बादली, आणि ही कोपरापर्यंत बरबटलेली. मुठीनं भरवत होती. धाकटी मान खाली घालून घेत होती.

"अगं, हे काय केलंस?"

"मी नुसती बघायलाच आले होते. तिनं हात हुंगला." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबांना मी एकदाही भरवलं नाही, आई. तू वाटी हातात घेऊनच खोलीत यायचीस. मला कधी दिलीच नाहीस."

 ते दिवस मला घाईचे आठवतात. इकडे जनावरं, तिकडे हे. वाटी, चमचा, पुसायचं फडकं. ती दाराशी उभी असायची, खरंच. मला वाटायचं, तिला बघवत नाही म्हणून ती दाराशी उभी आहे.

मी खाली बसले. एरवी मी कधी बसत नाही. बादली संपवते, मान थोपटते आणि पुढच्या कामाला जाते. वीस तोंडं वाट बघत असतात. फौजदारही तसाच, मावशीही तशीच. आज लेक उठेना म्हणून मीही उठले नाही. बादली संपली तरी आम्ही दोघी तिथेच.

म्हणून दिसलं.

धाकटीनं तोंड भिंतीकडे वळवलं, थोडा वेळ जबडा हलवला, आणि सगळं बाहेर सोडलं. ओला गोळा. मग दुसरा. गिळलेलं काहीच नव्हतं. कोपऱ्यात गवताखाली हात घातला — तसेच गोळे, सकाळ-दुपारचे. त्यात गाजराचे तुकडे.

लेकीनं विचारलं, आपलं मन राखायला घेते का गं ती? मी म्हटलं, घोडी कोणाचं मन राखत नसते. दाढा उरल्या नाहीत, चावता येत नाही, घशाखाली फारसं जात नाही. एवढंच. माझा आवाज मला शाळेतल्या बाईसारखा वाटला.

बाहेर फौजदार आला होता. तबेला तोच झाडतो. मी त्याच्याकडे पाहिलं.

"रोज झाडतो मी ते," म्हणाला. "तुमच्या आधी झाडतो."

मी त्याला रागावले नाही.  लेक उठली, आणि तिनं त्याला आपल्या बरबटलेल्या हातानंच धरून ओट्यावर बसवलं.

१८ नोव्हेंबर

लेक राहिली. सुट्टी वाढवली म्हणे.

सकाळी तिघीजणी ओट्यावर बसलो होतो, फौजदार पायरीवर.  मावशी म्हणाली, गावात कोणी तरी सापडेल, ज्यानं तिला चारलं नाही. त्याला विचारू. लेक म्हणाली, दोन मिनिटं तिच्याजवळ उभा राहिला की तोही कामातून जाईल. मी काल गेले तशी.

खरं आहे. आणि दुसरंही एक खरं आहे, ते इतकी वर्षं माझ्या लक्षात आलं नाही. दारात उभं राहून बघणाऱ्याला ते गोळे दिसले नसते. तो रिकामी बादली बघून म्हणाला असता, खाते आहे की अजून.

डॉक्टरांना फोन केला. कोणाला विचारलं नाही.

१९ नोव्हेंबर

ऊन होतं. धाकटीला पट्ट्यानं धरून बाहेर आणलं, सगळ्यांनी मिळून.

डॉक्टरांनी सुई भरण्याआधी आमच्या चौघांकडे पाहिलं आणि विचारलं, कोणी ठरवलं?

"मी," म्हटलं, आणि तिच्या ओठांत एक घास दिला.