सुवर्णाताई आणि लांबलेली आवृत्ती

गंगापूर रोड, नाशिक

ती. सुवर्णाताईस,

ललितचा वाकून नमस्कार. भाऊजींना आणि छोट्या ओमला आठवण सांग. हेलसिंकीला थंडी पडली असणार आणि ओमचं नाक वाहत असणार, असं आई रोज सकाळी धरूनच चालते. तरी वाहत नसल्यास तसं कळवणे.

आता मुख्य बातमी. तू वारलीस. (काळजी नको, दुरुस्ती झाली आहे.) झालं असं, की आपल्या 'शिंतोडा'ची नवी आवृत्ती मी द्राक्षबागायतदारांना आधी गणपतीत कबूल केली, मग नवरात्रात. पाऊस बघून फवारणी कधी करायची ते सांगणारं ॲप, त्यात रेंज नसतानाही चालणार म्हटल्यावर लोक छाटणीच्या आधीपासून विचारू लागले. पावसाचा हिशेब करणारा भाग तुझ्याकडे, आणि तू 'शनिवारी बघते' म्हणालेलीस. (कोणत्या शनिवारी, हे मी विचारलं नाही. ओम रडत होता.) आपला कोड जगाला उघडा आहे, कोणीही येऊन मदत करावी, पण येतात ते सगळे 'कधी होणार?' एवढंच विचारायला. तू इथे असताना असली निवेदनं तू लिहायचीस. गेल्या आठवड्यात मी लिहिलं ते असं: 'कळविण्यास अत्यंत दुःख होते, की आपणा सर्वांची लाडकी सुवर्णाताई परदेशी असल्याने नवी आवृत्ती लांबली आहे.' मला ते भारदस्त वाटलं होतं. पण फोनवर सूचना दिसते अर्धीच, आणि ती नेमकी 'सुवर्णाताई'वर तुटली.

त्याच दुपारी दिंडोरीहून यशोदाबाई आल्या. त्याच, ज्यांच्या बागेत बसून आपण पहिलं ॲप करून पाहिलं होतं. हातात पिठलं-भाकरीचा डबा. आईने दार उघडलं, तर त्या 'सुवर्णा गं' म्हणून तिच्या गळ्यातच पडल्या. ताई, आईने कारणसुद्धा विचारलं नाही. तुझं नाव ऐकलं आणि तीही रडायला लागली. मी बाहेर येईपर्यंत दोघींना चांगला सूर लागला होता.

मी घाईघाईने सगळं निवेदन वाचून दाखवलं. यशोदाबाईंनी डोळे पुसले आणि मला धरलं. "आरं, जित्या पोरीच्या नावानं असं लिव्हत्यात व्हय? झालं नाय तर झालं नाय म्हन की!" मी मान खाली घातली. मग त्यांनी विचारलं, "मंग येनार कधी ती?"

"दिवाळीपर्यंत नक्की," मी म्हणालो. मला वाटलं, आवृत्तीचं विचारतायत.

आई पदर डोळ्याला लावलेला तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली. "खरंच येतेय सुवर्णा?"

तेवढ्यात यशोदाबाईंनीच, "आता जेवून घ्या सगळी," म्हणून डबा उघडला. पिठलं छान होतं.

संध्याकाळी नवं निवेदन टाकलं: 'आवृत्ती तयार नाही. पावसाचा अंदाज चुकतो आहे. तोवर जुनीच वापरा. दर शुक्रवारी कुठवर आलं ते सांगेन.' कोणी रागावलं नाही. निम्म्या लोकांनी उलट विचारलं, ताई कशी आहे.

तुझा,
ललित

ता. क. पावसाचा भाग मीच बसून दुरुस्त केला. उद्या आवृत्ती सोडतो आहे. तेव्हा तो शनिवार तू आता ओमला दे.

आणखी एक. दिवाळीचं मी आवृत्तीबद्दल बोललो होतो, हे आईला अजून सांगितलेलं नाही. तिने अनारशांसाठी तांदूळ भिजवलेत, तुझ्या खोलीतली माझी खोकी बाहेर काढलीत, आणि काल ओमच्या मापाची कानटोपी आणली. (नाशिकच्या थंडीसाठी!) बागायतदारांना काय सांगायचं ते मला आता जमतं, आईला सांगणं जमत नाही. ते तू फोन करून सांग. लांबणार असेल तर सरळ लांबणार म्हण, पण पुढची तारीख दे.

आणि तारीख ठरली तर आधी मला सांग. खोकी मी परत आत ठेवलेली नाहीत.