विरुद्ध बाजूचं नाव

ता. ४ मार्च

चि. ठोक्यास अनेक आशीर्वाद.

परवा सकाळी दुकान उघडण्याआधी बाबांनी कोरलेला कासवाचा ठसा मी तेलाच्या फडक्यात गुंडाळला आणि देवाच्या फळीवर नेऊन ठेवला. खालच्या कोर्टाचा हुकूमच आहे. कासव ही छाप तू नोकरीला आहेस त्या कंपनीची, आपल्या कुलपांवर ती उठवायची नाही. फडक्याला दुहेरी गाठ मारली. तुझी वहिनी म्हणाली, आता देवालाही पहाऱ्यावर बसवलंत का.

मग वरच्या कोर्टात गेलो. अपील मुदतीत दाखल केलं होतं, पण खिडकीवरच्या कारकुनाने चुका काढून परत दिलं. पानांना आकडे नव्हते, ते व्हरांड्यात बसून घातले. निकालाची प्रत साधी होती, शिक्क्याची आणून जोडली. शेवटची चूक मात्र माझ्याच्याने सुटत नाही. छाप आपल्या दोघांच्या नावावर आणि अपील माझ्या एकट्याचं. वकीलबाईंनी आधीच विचारलं होतं. मीच म्हणालो, धाकट्याला यात ओढायचं नाही, त्याची नोकरी तिथली. मला वाटलं, थोरला बोलला म्हणजे घर बोललं. कोर्टात तसं चालत नाही.

आता एक तर तू माझ्या शेजारी सही करायची, नाहीतर मी तुला कंपनीच्या रांगेत, विरुद्ध बाजूला घालायचं. महिनाअखेरपर्यंत काहीच झालं नाही तर अपील ऐकलंही जाणार नाही, आणि कासव कायमचं जाईल. तुला समोर उभं करणं माझ्याने होणार नाही. सहीला ये. मुलीच्या छातीचं कसं आहे ते कळव.

तुझी वाट पाहणारा,
दादा

ता. ११ मार्च

ती. दादास शि. सा. नमस्कार.

पत्र वाचून खिशात ठेवलं, पुन्हा काढून वाचलं. व्हरांड्यात बसून आकडे घालणारा तू डोळ्यांसमोर आलास. शाळेत माझ्या वह्यांनाही तूच घालायचास आणि मधलाच एखादा गाळायचास. कारकुनाने मोजून घेतलेत ना?

दादा, सही माझ्याने होत नाही. साहेबांना चाचरत विचारून पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, कर की, पण मग दुसऱ्या दिवशी फाटकाशी येऊ नकोस. राहतं घर कंपनीचं. मुलीला धाप लागली की मी धावतो तो दवाखानाही कंपनीचाच. मी कुठे जाऊ?

इथे कासव यंत्रातून पडतं. त्याचं तोंड उजवीकडे, आपल्याचं डावीकडे, एवढाच फरक. ते बघताना माझा हात उगाच हातोडी शोधतो. तू ठसा धरायचास, मी ठोकायचो. माझा नेम कसा होता ते तुझ्या नखांना ठाऊक, पण तू बोटं कधी मागे घेतली नाहीस.

म्हणून सांगतो, मला विरुद्ध बाजूला घाल. रागाने लिहीत नाही. तुला ते जमायचं नाही, म्हणून माझ्या हाताने लिहून देतो. वहिनींना नमस्कार.

आहे तसाच तुझा,
ठोक्या

ता. १ एप्रिल

चि. ठोक्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यावर कितीतरी दिवस मी काहीच केलं नाही. देवापुढे बसायचो, पण मागायचं काय ते सुचेना. कंपनी हरू दे म्हणावं, तर तुझी मुलगी तिच्याच छपराखाली झोपते. नुसताच बसून उठायचो.

वकीलबाईंनी समजावलं की हे कागदापुरतंच आहे. कोर्टाला छापीचे दोन्ही मालक समोर हवेत, कुठल्या का बाजूला असेनात. जिंकू असं त्याही म्हणत नाहीत. निदान ऐकून घेतील, एवढंच.

आता कोर्टाचा माणूस नोटीस घेऊन तुझ्या दारी येईल. ती घे. परत गेली तर सगळं पुन्हा अडेल. आणि वाचताना मुलीला जवळ घेऊन बसू नकोस, ती अक्षरं लावायला शिकली आहे.

काल मुदत संपत होती. टाइप करणाऱ्याला थांबवून ती एक ओळ मी हाताने लिहिली. कंपनीच्या खाली तुझं नाव, त्यापुढे बाबांचं. वर माझ्या नावापुढेही बाबाच होते. एकाच कागदावर ते दोन्ही बाजूंना उभे राहिले, आणि मला पुढचं आडनाव लिहायला वेळ लागला.

कारकुनाने वाचून विचारलं, हे तुमचे कोण. मी म्हणालो, सख्खा भाऊ. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि शिक्का उचलला. वाऱ्याने कागद उडत होता, म्हणून मी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला. शिक्का पडेपर्यंत बोटं मागे घेतली नाहीत.

लोभ तिकडूनही असू दे.

दादा