डॉक्टरसाहेबांचं नाक

डॉक्टरसाहेब,

परभणीच्या जनाना दवाखान्यात तुमच्या हाताखाली रुजू होऊन मला जेमतेम महिना झाला होता, तेव्हा तुम्ही मला गुरुवारी संध्याकाळी जेवायला बोलावलंत. शुक्रवारची सुट्टी, म्हणून तुमच्या मित्रांची बैठक गुरुवारी. माझ्या क्वार्टरमध्ये सोबतीला मावशी राहायची. ती पोळ्या लाटत होती. "कोण कोण यायलंय?" तिनं विचारलं. मी सांगितलं, कोर्टातले मुन्सफसाहेब आणि दारूचा ठेका घेतलेले आबकारीचे गुत्तेदार, पारशी शेठजी. "अन तिथं करतेत काय?" बाटल्यांवर थैल्या चढवून, आत कोणती विलायती शराब आहे ते ओळखतात, असं मी म्हणाले, आणि मावशीचं लाटणं थांबलं. "तू पिणार?" न्हाई म्हणाले. "मंग?" बघणार म्हणाले. तिनं पोळी तव्यावर टाकली, उलटली, आणि मग म्हणाली, "काकू हायेत ना संगं, साहेबांच्या घरच्या? मंग जा. पर बसताना काकूच्या शेजारी बस." हैदराबादेत पुरुषांच्या बरोबरीनं मुडदे चिरून शिकलेली मी, त्या संध्याकाळी पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन तुमच्या ओसरीवर आले.

तुमची ती ओसरी अजून तशीच दिसते. कंदील अजून लावलेला नाही, सडा घातलेलं अंगण वाळत आलेलं आहे, आणि काकूंच्या माहेरचे चांदीचे पेले सतरंजीवर मांडलेले आहेत. चांदीचे एवढ्यासाठी की शराबेचा रंग दिसू नये. बाटल्या शेठजींच्या. त्यांच्या वडिलांनी तळघरात ओल्या वाळूत पुरून ठेवलेला साठा होता, आणि जर्मनीच्या लढाईमुळं विलायतेचा माल बंद झाल्यावर तोच ते जपून जपून काढत होते. गावोगाव मोहाची दारू विकणारा हा माणूस तिला कधी शिवत नसे. "मी विकतो ते मी पीत नाय," ते मला म्हणाले, "अने मी पितो ते इथे कोणाला परवडत नाय." मुन्सफसाहेब नमाजी, थेंबाला न शिवणारे. म्हणूनच सगळ्यांनी मिळून निवाडा त्यांच्याकडे सोपवलेला. शेठजी आतल्या खोलीत बुचं काढून ठेवत, मुन्सफसाहेब एकटे आत जाऊन बाटल्यांवर त्यांच्या बेगमेनं शिवलेल्या खणाच्या थैल्या चढवत, आणि पानदान मांडीशी घेऊन कचेरीत बसावं तसे बसत. कोणत्या थैलीत काय, ते फक्त त्यांना ठाऊक. सगळ्यांचं बोलून झालं की ते थैली उतरवत आणि म्हणत, "दुरुस्त" किंवा "खारिज."

तुम्ही बहुधा दुरुस्तच निघायचात. पेला हातात फिरवायचा, नाक आत घालायचं, डोळे मिटायचे, आणि मग एवढासा घोट. त्या पहिल्या दिवशी तुम्ही एक पेला माझ्यापुढं सरकवलात. "पिऊ नका. नुसता वास घ्या आणि सांगा." मी म्हणाले, गोड वास आहे. "गोड ही चव झाली, डॉक्टर. वास कशाचा? घरातली वस्तू सांगा." मला तोवर सगळे डॉक्टरीणबाई म्हणत. नुसतं डॉक्टर म्हणणारे तुम्ही पहिले. मी पुन्हा वास घेतला. "मावशीच्या डब्यात तळाला राहिलेल्या जुन्या गुळाचा," मी म्हणाले. शेठजी मोठ्यानं हसले. तुम्ही हसला नाहीत. "ही पोर्ट," तुम्ही म्हणालात, "आणि आता हा गूळ विसरू नका." शनिवारी वॉर्डात तुम्ही तोच धडा पुढं चालू केलात. पट्टी सुटायच्या आधीच खाटेजवळ थबकून तुम्ही म्हणायचात, हिचा पाय चिघळलाय, आणि पट्टी सोडली की तो चिघळलेला निघायचा. मग मला जवळ बोलवायचात आणि विचारायचात, कशासारखा वास आहे? मी शोधून शोधून सांगायची. तुम्ही ऐकून घ्यायचात, मध्ये बोलायचा नाहीत.

पुढं एका हिवाळ्यात तुम्ही सर्दीतापानं आडवे झालात. बरेच दिवस अंथरूण सोडलं नाही. उठून कामावर आलात तेव्हा उतरला होतात, पण आवाज तोच होता, चाल तीच होती. फक्त खाटांजवळ थबकणं थांबलं. एकदा कंपाउंडरच्या हातून कार्बोलिकची बाटली फुटली, सगळ्यांनी नाकाला पदर-रुमाल लावले, आणि तुम्ही त्याच खोलीत उभे राहून शांतपणे केसपेपर वाचत होतात. मला वाटलं, कामात बुडालेत.

त्यानंतरच्या गुरुवारी मला कळलं. पहिला पेला फिरला. मी वास घेतला, भाजलेल्या अक्रोडासारखा, थोडा जुन्या लाकडी पेटीसारखा, आणि मनात म्हणाले, ही तर शेरी, आंधळ्यालाही कळेल. तुम्ही नेहमीसारखा पेला फिरवलात, डोळे मिटलेत, घोट घेतलात आणि म्हणालात, "पोर्ट." शेठजींनी चमकून वर पाहिलं. काकू अंगणाकडं बघू लागल्या. मग आम्ही सगळेच मुन्सफसाहेबांकडं बघत राहिलो. या माणसानं स्वतःच्या मेव्हण्याविरुद्ध निकाल दिलेला होता. ते कुणाच्या घरचं पाणीसुद्धा दावा चालू असताना पीत नसत. त्यांनी पानदान उघडलं, सुपारी कातरली, पानदान मिटलं. "बिलकुल दुरुस्त," ते म्हणाले, आणि थैली न उतरवताच बाटली उचलून आत नेऊन ठेवली.

काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या, मी मागोमाग. चुलीवर कढई तापत होती. त्या पुऱ्या सोडत होत्या आणि माझ्याकडं न बघता बोलत होत्या. "त्या दिशी वरण करपलं. मी टाकून देणार होते. ह्यांनी दोनदा मागून घेतलं, अन छान झालंय म्हणाले. तवा मला कळलं." मी विचारलं, तुम्ही त्यांना विचारलं नाही? "कसं इचारू बाई? सारी उमर त्या नाकावर मिरवलेत." त्यांनी झाऱ्यानं पुरी दाबली, ती फुगली. "त्येंचं त्ये सांगतील. तवर तुमी कुणी बोलू नका."

मग तो हिवाळा सगळा तसाच गेला. तुम्ही चुकत होतात आणि मुन्सफसाहेब दुरुस्त म्हणत होते. शेठजी तर तुमच्या मागोमाग मुद्दाम चुकीचं बोलायला लागले, म्हणजे तुम्ही एकटे पडू नये. जिभेला गोड-आंबट कळत होतं तुमच्या, तेवढ्यावर तुम्ही कधी कधी खरंच बरोबर यायचात, आणि त्या वेळी मुन्सफसाहेबांचा चेहरा मोकळा होताना मी पाहिलाय. बाहेरून कुणी बघितलं असतं तर त्याला पाच माणसं हसतखेळत जेवताना दिसली असती, आणि ते खोटंही नव्हतं.

झरी गावची ती बाई आली ती दुपारी. नवऱ्यानं बैलगाडीत कडबा अंथरून आणलेली. "सकाळधरनं बोलायलीच न्हाई, बाई," तो सांगत होता. "चार दिस झाले नुस्तं पानी पियायली. रांजन संपवायली. अन आता डोळं बी उघडना." मी तुम्हाला बोलावलं. हिवतापाचे दिवस, वॉर्ड त्याच रोग्यांनी भरलेला. तुम्ही पापण्या उचलून पाहिल्यात, पोट दाबलंत, आणि म्हणालात, ताप मेंदूत गेलाय, क्विनीन द्या. मी तिच्या तोंडाजवळ वाकलेली होते. तिचा श्वास खोल, घाईघाईचा, आणि त्याला वास होता. तुम्हीच मला शिकवलेला वास. एका बाजूला तिचा नवरा पागोटं हातात धरून उभा, एका बाजूला दाई. काकूंचे शब्द माझ्या कानात होते, आणि ती बाई माझ्यापेक्षा लहान होती.

"साहेब," मी म्हणाले, "श्वासाला वास आहे."

तुम्ही वाकलात. फार वेळ वाकून राहिलात. तुमचं नाक तिच्या ओठांना लागेल इतके. मग सरळ उभे राहिलात आणि त्या शेतकऱ्यासमोर, दाईसमोर, साध्या आवाजात म्हणालात, "मला येत नाही. माझं नाक गेलंय. तुम्ही सांगा, कशाचा?"

"सीताफळं उतरून गेली की टोपलीला येतो तसला."

"नक्की?"

"नक्की."

तुम्ही क्विनीनची सुई बाजूला ठेवायला सांगितलीत. नळीनं लघवी काढून निळ्या द्रावणात उकळली, ती विटेच्या रंगाची झाली, म्हणजे साखर. हैदराबादहून आणून माठाखालच्या वाळूत ठेवलेल्या इन्शुलिनच्या कुप्या तुम्ही स्वतः जाऊन आणल्यात. संध्याकाळ, रात्र, सगळी तिच्या उशाशी गेली. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर तिनं डोळे उघडले आणि नवऱ्याला पहिलं काय विचारलं तर म्हशीला पाणी दाखवलं का. तो रडायला लागला. "बोलायली," तो ज्याला त्याला सांगत होता, "बोलायली की!"

मग तुम्ही मला तुमच्या खोलीत बोलावलंत आणि दार लोटून घेतलंत. "कधीपासून माहीत आहे?" मी सांगितलं. "मुन्सफांना? शेठला?" मी मानेनं हो म्हटलं. तुमचा आवाज चढला नाही, पण मी तो कधी विसरले नाही. "त्यांनी ओसरीवर माझी लाज राखली. ते दोस्त आहेत, त्यांना शोभलं. तुम्ही डॉक्टर आहात. इतके दिवस माझ्या मागून वॉर्डात हिंडताय, आणि मला नाक नाही हे ठाऊक असून गप्प?" मला राग आला. आजही मला तो राग योग्यच वाटतो. मी म्हणाले, "आपणही गप्पच होता, साहेब." तुम्ही टेबलावरची दौत इकडची तिकडं केलीत. "बरोबर आहे," तुम्ही म्हणालात. "उद्यापासून प्रत्येक खाटेजवळ तुम्ही वास घ्यायचा आणि मोठ्यानं सांगायचा. मी निदान करीन. दोघांचं मिळून एक डॉक्टर होईल."

त्या गुरुवारी मुन्सफसाहेब बाटल्या झाकून बाहेर आले, तेव्हा तुम्ही पेल्याला हातच लावला नाहीत. "मुन्सफसाब," तुम्ही विचारलंत, "झूठी गवाही की सजा क्या होती है?" मुन्सफसाहेबांना कळायला एक क्षणच लागला. त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "डॉक्टरसाब, वो गवाही नहीं थी. फैसला था. फैसला गलत लगे तो अपील करो." शेठजी फुटलेच हसून, काकूंनी तोंडाला पदर लावला, आणि तुम्हीही हसलात, डोळ्यांत पाणी येईतो. मग तुम्ही नवा खेळ सांगितलात. तुम्ही पिणार नाही. आम्ही प्यायची, जे वाटेल ते सांगायचं, आणि आमच्या बोलण्यावरून तुम्ही ओळखणार.

"पहिला घोट डॉक्टरांचा," म्हणून तुम्ही पेला मला दिलात. काकूंनी माझ्याकडं पाहिलं आणि हलकेच मानेनं हो म्हटलं. मी आयुष्यात पहिल्यांदा घोट घेतला, घसा जळला, आणि डोळे मिटून बोलायला लागले. चिंचेचा कोळ म्हणाले. आग विझल्यावर चुलीत राहिलेला धूर. संत्र्याची वाळलेली साल. अत्तराचा फाया कानातून काढल्यावर बोटांना राहतो तो वास. तुम्ही पुढं वाकून ऐकत होतात. "आधी चिंच की आधी धूर?" आधी धूर. "गिळल्यावर काय राहतं?" साल. आंबट जात नाही. शेठजी म्हणाले, मध पण. काकू लांबूनच वास घेऊन म्हणाल्या, माळ्यावरच्या ट्रंकेचा. तुम्ही डोळे मिटून बसलात. "मदेरा," तुम्ही म्हणालात. मुन्सफसाहेबांनी दोन्ही हातांनी थैली उतरवली आणि बाटली सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. नुसती मान डोलवत राहिले.

पुढची वर्षं अशीच गेली, आणि तुम्ही जवळजवळ कधी चुकला नाहीत. अठ्ठेचाळीसचा उन्हाळा आला तेव्हा परभणी बदलली होती. रझाकारांच्या भीतीनं लोक दिवस मावळायच्या आत दारं लावत. मुन्सफसाहेबांना त्यांच्या मोहल्ल्यातले सांगत होते, हिंदूच्या घरी जाऊ नका. तुम्हाला तुमचे सांगत होते, बोलावू नका. ते आले. छत्री घेऊन, ऊन उतरायच्या आधीच, सगळ्यांना दिसेल असे रस्त्याच्या मधून चालत. शेठजींनी तळघरातली शेवटची बाटली आणली होती. जेवण झालं, बोलणी झाली, बाहेरच्या गोष्टी कुणी काढल्या नाहीत. आम्ही प्यायलो, वर्णन केलं, तुम्ही नाव सांगितलंत, फ्रान्सकडची तांबडी. मुन्सफसाहेब उठले, छत्री घेतली, आणि बाटलीकडं हातही न नेता म्हणाले, "फैसला महफूज. अगली बैठक में सुनाया जाएगा."

भाद्रपदात हिंदुस्थानच्या फौजा आल्या. मुन्सफसाहेब कुटुंबासह हैदराबादेला भावाकडं गेले, आणि तिथून पुढं कुठं गेले ते आपल्याला शेवटपर्यंत कळलं नाही. शेठजी मुंबईला गेले. काकूंनी एकदा विचारलं, ती थैली काढून बघू का? तुम्ही म्हणालात, "निकाल त्यांच्याकडं आहे." मी नांदेडला बदलून गेले तेव्हाही ती बाटली तुमच्या कपाटात तशीच झाकलेली होती. तुम्ही गेलात त्यालाही आता किती काळ लोटला. माझेही हात आता थरथरतात, हे अक्षर तुम्ही वाचू शकला नसतात, आणि मी पत्र कुठं टाकणार आहे म्हणा.

एक सांगायचं राहिलं, डॉक्टरसाहेब. त्यातली एकही शराब मला आवडली नाही. मदेरा नाही, पोर्ट नाही, फ्रान्सची ती तांबडी तर मुळीच नाही. घरी गेल्यावर मी मावशीकडून आलं-गूळ मागून घ्यायची. पण मी बोलायला लागले की चार माणसं घास थांबवून ऐकायची, आणि तुम्ही विचारायचात, आधी काय आणि मग काय. मी तेवढ्यासाठी यायची.